बुसान ते ओसाका : विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक भेटीसाठी बोटीचा प्रवास

दक्षिण कोरियात शिकणारे भारतीय विद्यार्थी, त्यांचे कोरियन सहाध्यायी आणि आधी बुसानला पाहुणे म्हणून आलेले जपानी विद्यार्थी अशा एकत्र गटाबरोबर मी बुसान ते ओसाका हा प्रवास प्रवासी बोटीने केला. विमानाने हे अंतर दीड तासाच्या आत संपते आणि बोटीला सुमारे 19 तास लागतात. तरीही सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमासाठी बोटच निवडावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तिन्ही देशांची मुले कोणत्याही ठरलेल्या कार्यक्रमाविना इतका वेळ एकत्र राहतात, अशी सोय जमिनीवरच्या वेळापत्रकात क्वचितच मिळते.

या मार्गाला मोठा इतिहास आहे आणि निघण्यापूर्वी तो विद्यार्थ्यांना सांगितलाच पाहिजे. जपानचा तत्कालीन शासक हिदेयोशी याने 1592 ते 1598 या काळात कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांनंतर तुटलेले संबंध सांधण्यासाठी 1607 ते 1811 या काळात कोरियाच्या राजांनी जपानला 12 शिष्टमंडळे पाठवली. साधारण चारशे ते पाचशे माणसांचा हा ताफा बुसानहून त्सुशिमा बेटामार्गे होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरच्या शिमोनोसेकीला आणि तेथून सेतोच्या अंतर्गत समुद्रातून ओसाकाला येत असे व पुढे बहुतेक वेळा एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत, जात असे. शेवटचे शिष्टमंडळ मात्र त्सुशिमाहूनच परतले. ताफ्यात राजदूतांबरोबर चित्रकार, वैद्य आणि वादकही असत. मुक्कामाच्या गावी जपानी विद्वान त्यांना भेटायला येत आणि एकमेकांची बोली येत नसली तरी दोघांनाही अवगत असलेल्या चिनी लिपीत, समोरासमोर बसून, कुंचल्याने लिहून संवाद साधत. या शिष्टमंडळांच्या कागदपत्रांची 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली.

बुसानचे आंतरराष्ट्रीय प्रवासी टर्मिनल रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे सामानासह गट नेणे सोपे जाते. कोरियन विद्यार्थ्यांना अल्पकाळाच्या भेटीसाठी जपानचा व्हिसा लागत नाही, भारतीय विद्यार्थ्यांना मात्र तो आधीच काढावा लागतो, याची आठवण आयोजकांनी वेळेत ठेवावी. बोट दुपारी सुटते. कोरिया सामुद्रधुनीत ती चांगलीच हलते आणि ज्यांना बोट लागते त्यांनी औषध निघण्यापूर्वीच घेतलेले बरे. शिमोनोसेकी ओलांडल्यावर होन्शू, क्युशू आणि शिकोकू या तीन बेटांच्या आडोशामुळे पाणी शांत होते.

केबिन निवडताना सर्वांत स्वस्त वर्गातले सामायिक दालन घ्यावे, हा माझा आग्रह केवळ खर्चापुरता नाही. तेथे जमिनीवर ओळीने गाद्या घालून सगळे एकत्र झोपतात. दोन-दोन जणांच्या केबिनमध्ये विभागणी झाली असती, तर आमची भारतीय मुले भारतीयांबरोबरच राहिली असती, याविषयी मला शंका नाही. दालनात मात्र पहिल्या तासाभरातच कोणी कोणाच्या शेजारी गादी घालायची यावरून बोलणे सुरू झाले आणि रात्री एका जपानी विद्यार्थिनीने वहीत अक्षरे लिहून दाखवायला सुरुवात केल्यावर तिच्याभोवती बराच वेळ घोळका जमला होता. ज्या मार्गावर पूर्वी कुंचल्याने संवाद झाला, त्याच मार्गावर हे घडताना पाहून मला मनापासून आनंद झाला. सामुदायिक स्नानगृहात उतरायला आमची मुले आरंभी फार संकोचत होती. आधी बाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्याच्या कुंडात उतरायचे, ही रीत जपानी मुलांनी समजावल्यावर बहुतेकांचा संकोच गेला.

रात्री बोट शिमोनोसेकीजवळच्या कानमोन सामुद्रधुनीत शिरते, तेव्हा सर्वांना डेकवर न्यावे. 1973 मध्ये खुला झालेला पूल डोक्यावरून सरकतो, दोन्ही काठांवरची शहरे हाताच्या अंतरावर असल्यासारखी वाटतात आणि 1185 मध्ये ज्या सागरी लढाईत तायरा या जपानी योद्धा घराण्याचा अंत झाला, तिचे ठिकाण दान-नो-उरा हेच. सकाळी ओसाका जवळ आल्यावर आकाशी काइक्योचा पूल लागतो. 1,991 मीटरच्या मुख्य गाळ्यामुळे (दोन मनोऱ्यांमधील अंतर) 1998 पासून 2022 पर्यंत तो जगातला सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल होता.

सेवेतील उणिवाही गंभीर आहेत. शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी रात्रीच्या जेवणात भात, किमची (आंबवलेली कोरियन भाजी) आणि थोडी फळे यापलीकडे फारसे काही नव्हते, आणि किमचीत बहुधा माशाचा अंश असतो हे लक्षात घेता तीही अनेकांनी सोडली. तयार जेवण बरोबर न्यावे हेच खरे. सूचना प्रामुख्याने कोरियन आणि जपानी भाषांत होत होत्या आणि सुरक्षेच्या सूचनांच्या बाबतीत हे मला अजिबात मान्य नाही.

सर्वांत मोठी खंत मात्र वेळापत्रकाची आहे. शिष्टमंडळे जेथे थांबत ती शिमो-कामागारी, तोमोनोउरा आणि उशिमादो ही बंदरे ज्या भागात आहेत, तो पट्टा बोट अंधारात पार करते. तोमोनोउरा येथील फुकुझेन्जी देवळाच्या ताइचोरो या दालनातून दिसणाऱ्या बेटांच्या देखाव्याला 1711 च्या शिष्टमंडळातील एका अधिकाऱ्याने जपानमधील सर्वोत्तम म्हटले होते. तो देखावा बोटीतून हाती लागत नाही. म्हणून ओसाकाला उतरल्यावर लगेच क्योतोची धावपळ करण्याऐवजी एक दिवस राखून शिनकानसेन या वेगवान रेल्वेने फुकुयामा गाठावे आणि तेथून बसने सुमारे अर्ध्या तासात तोमोनोउरा बंदरात उतरावे. ऑक्टोबरच्या शेवटाकडे जाणाऱ्यांनी उशिमादोही जोडावे, कारण तेथील उत्सवात लहान मुले जे काराको नृत्य करतात, त्याचा संबंध याच कोरियन पाहुण्यांशी जोडला जातो.