मऊ अंडी पडत असतील तर आधी या डॉक्टरांना घरी बोलवा

आम्ही मखमलाबादला राहतो. मागच्या अंगणात गिरिराज आणि गावठी मिळून डझनभर कोंबड्या आहेत. एप्रिलचं ऊन तापलं आणि खुराड्यात मऊ अंडी सापडायला लागली. कवच नाहीच, नुसता पापुद्रा. उचलायला गेलं की बोट आत रुतायचं. जिथून खाद्य आणायचो त्या दुकानदाराने काही न विचारता कॅल्शियमचं टॉनिक आणि जंताचं औषध हातात ठेवलं. टॉनिकची बाटली संपली, अंडी तशीच. सासूबाईंनी मानमोडीची, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाची धास्ती घेतली. शेवटी या पशुवैद्यकीय दवाखान्याची घरभेट ठरवली. कोंबडीसाठीही डॉक्टर घरी येतात हे नाशकात बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही, आधी विचारपूस केली. मऊ अंडं एकच कोंबडी देते की सगळ्याच? शिंका, घशात घरघर, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं असं काही? राणीखेतची लस कधी दिली? तलंगा (तरुण कोंबड्या) किती, जुन्या किती? अंड्यावर नुकत्याच आलेल्या तलंगेची पहिली काही अंडी मऊ निघू शकतात, ती आपोआप सुधारतात. एकाच कोंबडीचं सतत बिघडत असेल तर दोष बहुधा तिच्या अंडनलिकेत. पण आमच्याकडे बऱ्याच जणींचं एकदम बिघडलं होतं, त्यामुळे त्यांचा रोख खाद्य, ऊन किंवा साथीकडे गेला. मग एकेक कोंबडी हातात घेऊन तुरा पाहिला, पंखाखाली उवा शोधल्या, पोट चाचपलं. "आजी, कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहिली आणि कुंथत असली तर अंडं अडकलंय समजा. सकाळची वाट बघू नका," असं सासूबाईंना नीट समजावून सांगितलं.

नंतर त्यांनी त्याच दिवशीचं एक अंडं मागितलं आणि स्टीलच्या ताटलीत फोडलं. पिवळ्या बलकाभोवती पांढरा भाग घट्ट, उंच उभा राहिला. तो पाण्यासारखा पसरला असता आणि कवचांवर सुरकुत्या असत्या, तर ब्राँकायटिसची (कोंबड्यांच्या श्वसनाच्या साथीच्या रोगाची) शंका घ्यावी लागली असती, असं ते म्हणाले. सासूबाई तिथेच निम्म्या निवांत झाल्या.

खरी गोम निघाली खाद्याच्या डब्यात. मूठभर खाद्य तळहातावर पसरून म्हणाले, "ताई, यात चुनखडीची कणी दिसते का तुम्हाला?" एकही नव्हती. लेअर म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते 4 टक्के लागतं, ग्रोअर म्हणजे वाढत्या कोंबड्यांच्या खाद्यात जेमतेम 1 टक्का असतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानात जाऊन पोतं बघितलं. लेअर म्हणून आम्हाला जे सुट्टं विकलं जात होतं, त्या पोत्यावर चक्क ग्रोअर छापलेलं होतं! याचा मला अजून संताप येतो. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात उन्हाची भर. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवच घडायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून उन्हाळ्यात खाद्य चांगलं असूनही कवच पातळ होऊ शकतं.

औषध एकही लिहून दिलं नाही. लेबल असलेलं बंद पोत्यातलं लेअर खाद्य घ्या, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवा, एवढंच. कवच घडायला साधारण 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. जाड खडा कोंबडीच्या पेट्यात, म्हणजे खाद्य दळणाऱ्या जठरात, हळूहळू विरघळतो, म्हणून रात्रभर पुरवठा राहतो. बारीक पावडर लवकर निघून जाते. बाजरी आणि शिळी भाकरी कमी करायला सांगितली, कारण त्यांनी पोट भरतं पण कॅल्शियम जवळपास मिळत नाही. पिल्लांना मात्र लेअर खाद्य अजिबात नको, त्यांच्या मूत्रपिंडाला जास्तीचं कॅल्शियम सोसत नाही. दुपारी खुराड्यावर ओलं गोणपाट टाकतो, खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर.

आठवडाभरात टणक अंडी यायला लागली. एका जुन्या लाल कोंबडीचं कवच अजून अधूनमधून पातळ येतं. ते वयामुळे, आणि तशी कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती.

उणं काय, तर दुपारी फोन लागत नाही आणि भेटीसाठी दोन-तीन दिवस थांबावं लागतं. अंडं अडकलेल्या कोंबडीला तेवढा वेळ नसतो, तेव्हा दुसरा जवळचा दवाखाना माहीत असू द्या. मेलेल्या पक्ष्याच्या तपासणीची सोयही इथे नाही. घरभेटीचे 300 रुपये घेतले, टॉनिक आणि जंताच्या औषधाला आमचे त्याहून जास्त गेले होते. माझ्याकडून 5 पैकी 4. फोन करायच्या आधी खाद्याच्या पोत्याचा फोटो आणि त्या दिवशीचं एक अंडं तयार ठेवा, दोन्ही मागतात.