ब्रुन मस्का आणि समोरचा माणूस

मुंबईत धोबी तलावचं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. मेट्रो सिनेमा तिथे १९३८ मध्ये आला, म्हणजे त्याच्याही आधीपासून इथे चहा उकळतोय. गिरगावातल्या माझ्या घरून पायी थोडंसंच अंतर. लग्न होऊन आले तेव्हापासून येतेय.

मागवायचं ते ब्रुन मस्का आणि चहा. ब्रुन म्हणजे कडक सालीचा पाव, त्याला मस्का म्हणजे लोणी लावलेलं, म्हणून चहात बुडवून खायचा, आणि तिथेच माणूस कळतो. घाईचा माणूस कोरडाच चावतो, टेबलभर चुरा सांडतो. हावरा इतका वेळ बुडवतो की अर्धा पाव कपाच्या तळाशी जातो. माझे सासरे मनात तीन मोजून बाहेर काढायचे. व्यवहारातही तसेच होते, ना उतावीळ ना रेंगाळणारे.

गर्दीत टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं. मला हेच इथलं सगळ्यात मोलाचं वाटतं. गेल्या महिन्यात समोर कोर्टातून आलेले एक आजोबा बसले होते. ओळख ना पाळख, पण दुसऱ्या कपापर्यंत त्यांनी सख्ख्या भावाशी चाललेला जमिनीचा दावा मला सांगितला. वकिलालाही सांगितलं नसेल असं काही सांगितलं. परक्याशी माणूस खरं बोलतो, त्याच्याकडून वाटणी मागायची नसते ना! उठताना त्यांनी मावा केक बांधून घेतले. "भावाला आवडतात," म्हणाले.

मावा केक तुम्हीही घ्याच. सकाळी लवकर जा.