नावांची यादी की माणसांचा आकडा? साइटवरच्या मजुरांची डब्ल्यूसी पॉलिसी घेताना

डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी, म्हणजे कामावर मजूर जखमी झाला किंवा दगावला तर मालकाला द्यावी लागणारी भरपाई उचलणारा विमा, लागतेच, हे परवाना काढलेल्या बांधकाम कंत्राटदाराला नव्याने सांगायला नको. तिची प्रत दिल्याशिवाय बिल्डरच्या ऑफिसातून गेटपास निघत नाहीत आणि पहिलं आरए बिलही (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) अडकतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पॉलिसी नावनिशीवार घ्यायची, की अननेम्ड, म्हणजे कामाचा प्रकार आणि माणसांची संख्या सांगून? बहुतेक जण हे एजंटवर सोपवतात आणि एजंट त्याला सोपं पडेल ते करून देतो.

आधी नावनिशीवार पॉलिसीची जमेची बाजू. यादीत प्रत्येकाचं नाव, वय, काम आणि महिन्याचा पगार असतो. क्लेमच्या वेळी आधार, यादी आणि हजेरी जुळली की ‘हा माणूस तुमचाच कशावरून’ हा प्रश्न उरत नाही. वय आधीच नोंदलेलं असल्याने भरपाईचा गुणकही (वयाप्रमाणे ठरलेला, पगाराच्या हिश्श्याला गुणायचा आकडा) लगेच ठरतो. मोठ्या कंपन्यांचे सेफ्टी ऑफिसर यादीवर खुणा करत माणसं आत सोडतात, त्यांना हीच पॉलिसी बरी वाटते. रंगकाम, प्लंबिंग, लिफ्ट बसवणं अशा कामांत वर्षभर तीच आठ-दहा माणसं असतील, तर दुसरा विचार करायचं फारसं कारण नाही.

आरसीसीच्या, म्हणजे सळई-काँक्रीटच्या कामाच्या साइटवर मात्र ही यादी आठवडाभरही ताजी राहत नाही. मुकादम सणाला गावी जाताना चार माणसं घेऊन जातो आणि येताना दुसरीच सहा आणतो. नवं नाव चढवायचं तर मेल करायचा, आधारची प्रत, वय आणि पगार कळवायचा, वाढीव हप्ता भरायचा. मग एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची पुरवणी, निघते आणि तिच्यावर जी तारीख पडेल तिथून त्या माणसाचं संरक्षण सुरू होतं. शुक्रवारी संध्याकाळी मेल गेला, तर उत्तर सोमवारी येतं. स्लॅब रविवारी असतो. मधल्या दोन दिवसांत तो नवा माणूस सेंट्रिंगवरून (स्लॅबखालच्या तात्पुरत्या फळ्या-टेकूंवरून) पडला, तर पॉलिसी चालू असूनही त्याच्यापुरती ती नाही. कायद्याने मात्र तो पहिल्या तासापासून तुमचा कामगार आहे आणि भरपाई तुम्हालाच द्यायची आहे.

त्यात नावांचा घोळ. मुकादमाच्या वहीत ‘राजू’, आधारवर राजकुमार, यादीत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. माणूस एकच असला तरी ते सिद्ध करायला पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तोवर घरचे लोक गावाहून येऊन साइटच्या गेटवर बसलेले असतात. मला यादीची पॉलिसी नको वाटते ती या एंडोर्समेंटच्या कटकटीपायी. हप्त्यातल्या थोड्याफार फरकाने माझं मत बदललेलं नाही.

अननेम्ड पॉलिसीत गवंडी इतके, सेंट्रिंग सुतार इतके, फिटर इतके, बिगारी इतके आणि प्रत्येक प्रकाराचा पगार इतका, असं लिहून द्यायचं. माणसं बदलली तरी कोणाला कळवायला नको. पण इथे संख्या चुकवली तर फटका मोठा बसतो. समजा, जाहीर केली २२ माणसं. स्लॅबच्या दिवशी नाक्यावरून आणखी १४ आली, हजेरीवर ३६ झाली. बऱ्याच पॉलिसींत अशा वेळी क्लेम प्रमाणात कापला जातो, म्हणजे रकमेचे ३६ पैकी २२ भागच मिळतात. ३० वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला, तर १५,००० रुपये पगार धरून भरपाई होते पगाराचे निम्मे ७,५०० गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. त्यातले सुमारे ९ लाख ५३ हजार विमा कंपनीचे आणि उरलेले सुमारे ६ लाख ७ हजार तुमचे.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. संख्या लिहिताना रोजची सरासरी न लिहिता वर्षातली सर्वांत मोठी हजेरी लिहायची. हप्ता मात्र वर्षभराच्या अंदाजे एकूण मजुरीवर लावून घ्यायचा आणि वर्षअखेरीला प्रत्यक्ष मजुरीप्रमाणे मागेपुढे करायचा. वरच्याच उदाहरणात ७०० रुपये रोजाने, महिना २६ दिवसांचा धरून, २२ माणसांची वर्षाची मजुरी ४८,०४,८०० रुपये होते. वर्षात दहा स्लॅब धरले, तर जादा १४ माणसांची मजुरी होते ९८,००० रुपये, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. हप्ता वाढला तर तेवढ्याच प्रमाणात. ‘एका वेळी जास्तीत जास्त ३६’ हे शब्द पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये छापून आले पाहिजेत, एजंटच्या व्हॉट्सअॅप निरोपावर भागत नाही. सगळ्याच कंपन्या हे मान्य करतात असं नाही. म्हणून कोटेशन मागतानाच विचारावं.

पगाराचा आकडा दोन्ही पॉलिसींत सारखाच जपायचा. भरपाईच्या हिशेबासाठीची पगारमर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० रुपये झाली, तरी जुन्या सवयीने ८ किंवा १० हजार लिहिणारे अजून आहेत. १०,००० लिहिले, तर वरच्याच माणसासाठी कंपनी १०,३९,९०० रुपयांपर्यंतच येते. बाकी ५,१९,९५० खिशातून. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मृत्यूला पगाराच्या ५० टक्के आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, ही रीत तीच आहे. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही संहितेने काही अटींवर आत घेतला आहे. तेव्हा पॉलिसीचा मजकूर जुन्याच कायद्याचा आहे का, ते नूतनीकरणाच्या वेळी बघून घ्यावं.

दवाखान्याचं बिल मूळ पॉलिसीत बहुधा नसतं, त्यासाठी वेगळा वैद्यकीय विस्तार, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं जोडसंरक्षण, घ्यावा लागतो. त्या कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीपासून उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकावर आहे आणि त्याला कायद्यात वरची मर्यादा नाही. पॉलिसीत मात्र माणशी मर्यादा असते. मणक्याचं एक ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून ती ठरवावी. पेटी कंत्राटदाराची (तुमच्याकडून कामाचा तुकडा घेणाऱ्या पोटकंत्राटदाराची) माणसं हा दुसरा विस्तार. सेंट्रिंग चौरस फुटाच्या दराने दिलं म्हणून जबाबदारी जात नाही. त्याने भरपाई दिली नाही, तर ती मुख्य कंत्राटदाराकडे मागता येते. अननेम्ड पॉलिसीत ही माणसं संख्येत धरणं सोपं जातं, यादीत त्यांची नावं गोळा करणं जवळजवळ अशक्य. भरपाई महिनाभर थकली तर १२ टक्के व्याज लागतं आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. व्याज पॉलिसीत घेता येतं का ते बघता येतं, दंड सहसा विम्यात बसत नाही.

ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विमा योजनेत, नोंदवलेल्या माणसासाठी ही जबाबदारी तिकडे जाते. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कायम माणसांसाठी ते उत्तमच आहे, पण नाक्यावरून दोन दिवसांसाठी आलेल्याची नोंद वेळेत होणं अवघड. आणि राज्य सरकारचं काम असेल, तर निविदेतलं विम्याचं कलम आधी वाचा. मुंबईच्या विमा संचालनालयाकडूनच पॉलिसी घ्यायची अट अशा निविदांत असते. खासगी कंपनीची दिली तर ती स्वीकारत नाहीत आणि हप्त्याची रक्कम बिलातून कापली जाते.

अननेम्ड पॉलिसीला एक गोष्ट रोज पाळावी लागते, ती म्हणजे हजेरी. काम सुरू होण्याआधी नाव, वय आणि कामाचा प्रकार शाईने लिहायचा, नाक्यावरच्या माणसाचंही, आणि त्याच्या आधारचा फोटो तिथेच काढायचा. मग मस्टरच्या, म्हणजे हजेरीवहीच्या, पानाचा फोटो साडेनऊच्या आत स्वतःच्याच मेलवर पाठवायचा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. अपघातानंतर लिहिलेली हजेरी विमा कंपनीच्या सर्व्हेयरला ओळखता येते: सगळ्या ओळी एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या असतात. यादी वेळेवर बदलत ठेवण्यापेक्षा हे मला खूप सोपं वाटतं, कारण हे काम मुकादम आणि सुपरवायझर साइटवरच पुरं करू शकतात. त्यासाठी कोणाचं ऑफिस उघडायची वाट बघावी लागत नाही. ज्याच्या साइटवर हजेरी आठवड्याने एकदम भरली जाते, त्याने मात्र अननेम्डच्या वाटेला जाऊ नये. त्याला यादीचीच पॉलिसी घ्यावी लागेल, आणि स्लॅबच्या चार दिवस आधी नावं पाठवावी लागतील.