अठरा गिअरची सायकल साधी करून देणारे मिरजेचे मामा

मिरज स्टेशनजवळच्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही, बाहेर टांगलेले टायर हीच खूण. मालकांना सगळे मामा म्हणतात. जुनी गिअरची सायकल रोज कामावर जायला साधी, बिनकटकटीची करून हवी असेल तर इथेच जा.

माझी सायकल लोखंडी फ्रेमची, २६ इंची, पुढे तीन चकत्या आणि मागे सहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ती गाळात बुडाली आणि मग माळ्यावर गेली. गिअर जाम, वायरी गंजलेल्या. एका मोठ्या दुकानात तर हात न लावताच “नवीन घ्या” म्हणाले. पण फ्रेम ठणठणीत होती. शिवाय मी मिरजेत राहते, शाळा सांगलीत. रस्ता जवळजवळ सपाट. अठरा गिअर हवेत कशाला?

मामांनी आधी मागच्या चिमट्याची खाच पाहिली, म्हणजे मागचं चाक फ्रेममध्ये जिथे बसतं ती जागा. “बाई, चाक मागं सरकतंय, म्हणजे चेन ताणता येतीय. खाच उभी असती तर मी नको म्हटलं असतं.” उभ्या खाचेत चाक मागेपुढे होत नाही, मग चेन ताणायला वेगळा पुर्जा बसवावा लागतो. आधी हे तपासून मग पैशांचं बोलणारा मिस्त्री मला पहिल्यांदाच भेटला.

जुना सहा चकत्यांचा गठ्ठा गंजून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, चिकटला होता. मामांनी तो काढायचा पाना वाइसमध्ये आवळला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि दोन्ही हातांनी अख्खं चाकच फिरवलं. कट्ट आवाज झाला आणि गठ्ठा सुटला. त्याच आट्यांवर साधं १८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागची एकच दातेरी चकती, बसतं. पुढे ४४ दात्यांची एकच चकती घातली. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी १८ किलोमीटर. शाळेच्या वाटेला एवढं भरपूर होतं.

खरं कौशल्य पुढेच आहे. नुसते गिअर काढून चेन छोटी केली तर ती तिरकी धावते, करकरते आणि उतरते. मामांनी ॲक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे करून हब उजवीकडे सरकवला, मग आऱ्यांचा ताण बदलून रिम पुन्हा मधोमध आणली. एकेक आरा बोटाने छेडून आवाज ऐकत होते. सतारींच्या या गावात ते बघताना मला फार भारी वाटलं. आता मागून पाहिलं तर चेन सरळ रेषेत दिसते.

आणखी एक फायदा फक्त ओढणी सांभाळत सायकल चालवणाऱ्यांनाच कळेल. पुढे एकच चकती असली की पूर्ण झाकणारं चेनकव्हर बसवता येतं. ग्रीसचे डाग नाहीत, ओढणी अडकत नाही, पावसाचा चिखल चेनवर उडत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर इतरत्र वाचवा, पुढच्या रिमवर नको. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही. मी मामांच्या सांगण्यावरून पुढे ॲल्युमिनियमची रिम घातली आणि पावसात लगेच फरक जाणवला. ओव्हरहॉलिंग, टायर-ट्यूब, मडगार्ड, कॅरिअर, सगळं धरून बिल चार हजारांच्या आत आलं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला, हे मला विशेष आवडलं.

उणं सांगायचं तर वेळ. चार दिवस म्हणाले आणि आठवडा उलटून गेला. दुकानात एकटेच आहेत. फोनवर भाव विचारू नका, सायकल बघितल्याशिवाय ते बोलत नाहीत. चेनकव्हर खड्ड्यात खडखडत होतं. परत नेलं तर जुन्या ट्यूबची पट्टी आतून लावून दिली, पैसे घेतले नाहीत.

आता महिन्याकाठी चेनला तेल आणि आठवड्याला हवा, एवढंच. नवी चेन सुरुवातीला थोडी सैलावते, म्हणून मधोमध बोटाने उचलून बघत जा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलली तर चाक मागे ओढून घ्यायचं. हे मामा समोर बसवून शिकवतात. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते.