‘डाउनफॉल’: हिटलर माणूस दिसतो, पण खोट दुसरीकडंच आहे

बर्लिनच्या बंकरमधले हिटलरचे शेवटचे दिवस दाखवणाऱ्या ऑलिव्हर हिर्शबिगेलच्या या जर्मन चित्रपटावर 2004 साली गदारोळ झाला तो एकाच मुद्द्यावर: हिटलरला माणसात का आणलं? तो सेक्रेटरीशी मायेनं बोलतो, शेवटचं जेवण झाल्यावर स्वयंपाकिणीचं कौतुक करतो. हिटलर झालेल्या ब्रुनो गान्झनं डावा हात पाठीमागं धरून त्याला जी थरथर दिली आहे, ती बघावीच. आवाज त्यानं 1942 मध्ये फिनलंडला चोरून ध्वनिमुद्रित झालेल्या हिटलरच्या खासगी गप्पांवरून उचलला. भाषणातला हिटलर सगळ्यांच्या कानात आहे. हा खालच्या पट्टीतला जास्त भीतीदायक वाटतो. तेव्हा हा आक्षेप आम्हाला काही पटत नाही. राक्षसामागं लाखो माणसं गेली असती का?

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सची तक्रार मात्र वाजवी आहे. प्रचारमंत्री गोबेल्सची बायको माग्दा आपल्या सहा पोरांना आधी झोपेचं औषध पाजते, मग एकेकाच्या दातांत सायनाइडची कुपी फोडते. कॅमेरा तिथून हलत नाही. हिटलर मरतो तेव्हा मात्र दार बंद. हा आडपडदा त्याच्या एकट्यासाठीच का?

खरी खोट मात्र भोवतालच्या माणसांत आहे. डॉक्टर शेंक इथं जखमींसाठी धावणारा देवमाणूस वाटतो. प्रत्यक्षात माउटहाउझेनच्या छळछावणीत कैद्यांवर आहाराचे प्रयोग करण्यात त्याचा हात होता. एसएस या नाझी दलाचा सेनानी मोन्के इथं बर्लिनच्या नागरिकांची काळजी वाहतो. 1940 मध्ये फ्रान्समधल्या वोर्महाउट इथं ब्रिटिश युद्धकैद्यांच्या हत्याकांडाचा आरोप त्याच्यावर होता. खटला कधी चाललाच नाही. पटकथेचा बराचसा आधार इतिहासकार योआखिम फेस्टचं पुस्तक आणि सेक्रेटरी ट्राउडल युंगेच्या आठवणी. बंकरमधून जगून बाहेर आलेला माणूस स्वतःची बाजू काळी कशाला रंगवेल?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं फौजी घरं भरपूर, त्यामुळं इथल्या प्रेक्षकाला तारखा लगेच जुळतात. चित्रपटातला हिटलरचा वाढदिवस 20 एप्रिल 1945 चा. त्याआधी अकरा दिवस, 9 एप्रिलला, इटलीत सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीचे नामदेव जाधव व्हिक्टोरिया क्रॉसची कामगिरी करत होते. बर्लिनबाहेरची एवढी मोठी लढाई चित्रपटात जवळजवळ नाहीच. ज्यूंच्या संहाराचंही तसंच. तो आकडा शेवटी पडद्यावरच्या मजकुरात येतो.

वाचनालयात किंवा मंडळात दाखवायचा तर अडीच तासांहून थोडा जास्त वेळ धरा. मध्यंतर मुलांच्या प्रसंगाच्या बरंच आधी घ्या, आणि लहान पोरांना आणू नका. सेनानी श्टायनरचा हल्ला झालाच नाही हे कळल्यावर हिटलर नकाशापाशी ओरडतो, तिथं हशा पिकण्याची शक्यता जास्त, कारण त्याच प्रसंगाच्या खोट्या सबटायटलच्या क्लिपा मोबाईलवर सगळ्यांनी पाहिल्यात. सुरुवातीलाच तसं सांगून टाका. सबटायटल मूळ जर्मन आवाजावरच लावा. डबिंगमध्ये गान्झची ती खालची पट्टी जाते, मग उरतं काय?