फर्मीवर बीमटाइम (प्रयोगासाठीची वेळ) मागण्याआधी: त्रिएस्तेच्या सीडेड लेझरचा आढावा

इटलीत त्रिएस्तेजवळ, बासोवित्सा इथल्या एलेट्रा या सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेच्या आवारात फर्मी हा मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर (एफईएल) आहे. त्याच आवारातल्या स्टोरेज रिंगवर भारत-इटली भागीदारीतल्या बीमलाइन आहेत, म्हणून आपल्याकडे दोघांची गल्लत होते. रिंगमधली पल्स काही दहा पिकोसेकंदांची असते, फर्मीची काही दहा फेम्टोसेकंदांची. यंत्रही वेगळं, अर्जही वेगळा.

फर्मीचं खरं मोल एकाच गोष्टीत आहे: पुढची पल्स कशी असेल हे आधी सांगता येतं. सासे (बाहेरून सीड न देता आपोआप वाढणाऱ्या प्रकाशाच्या) पद्धतीच्या यंत्रात इलेक्ट्रॉनांच्या गोंगाटातूनच प्रकाश वाढत जातो, त्यामुळे प्रत्येक शॉटचा स्पेक्ट्रम निराळा आणि काटेरी येतो. फर्मीत २६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील लेझर, म्हणजेच सीड, मॉड्युलेटर या पहिल्या चुंबकरांगेत इलेक्ट्रॉनांवर ऊर्जेची लाट उमटवतो. पुढच्या चुंबकीय वळणात जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात, कमी ऊर्जेचे मागे राहतात आणि त्या लाटेचे दाट पट्टे तयार होतात. मग रेडिएटर, म्हणजे प्रकाश बाहेर काढणारी पुढची चुंबकरांग, हव्या त्या हार्मोनिकवर (सीडच्या वारंवारितेच्या पूर्णांक पटीवर) लावायचा. २६१ नॅनोमीटरच्या सीडचा आठवा हार्मोनिक ३२.६ नॅनोमीटर, म्हणजे ३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सीडची शिस्त बाहेर पडणाऱ्या प्रकाशात उतरते ती अशी.

पल्सची लांबी हार्मोनिक क्रमांकाच्या घनमुळाच्या प्रमाणात घटते. १०० फेम्टोसेकंदांच्या सीडमधून आठव्या हार्मोनिकला साधारण ५८ फेम्टोसेकंद मिळतात. अर्जात 'शक्य तितकी छोटी' असं मोघम लिहू नका, हा हिशेब मांडा. पल्स छोटी मागाल तर स्पेक्ट्रम रुंदावणारच. दोन्ही एकदम मिळत नाही.

अर्ज करणारे तरंगलांबीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसतात. टायटेनियम-सफायर लेझरचा तिसरा हार्मोनिक सीड म्हणून वापरणारा मार्ग स्थिर आणि जोरकस, पण जवळजवळ एकाच रंगाला बांधलेला. सलग तरंगलांबी बदलायची तर पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायरचा (रंग बदलता येणाऱ्या लेझर-वर्धकाचा) सीड लागतो. प्रयोगात एज (मूलद्रव्याचं शोषण जिथे एकदम वाढतं ती ऊर्जा) ओलांडायची असेल, उदाहरणार्थ कोबाल्टची ६० इलेक्ट्रॉनव्होल्टची एम-एज, तर हे पहिल्याच पानावर लिहा. वर्तुळाकार ध्रुवीकरण अनड्युलेटरमधूनच (रेडिएटरच्या चुंबकरांगेतूनच) मिळतं, त्यामुळे चुंबकीय द्विवर्णतेसाठी (डाव्या-उजव्या ध्रुवीकरणाच्या शोषणातला फरक मोजण्यासाठी) ही जागा फार सोयीची आहे.

फर्मीत दोन शाखा आहेत. मूळ आराखड्यात एफईएल-१ ची मजल १०० ते २० नॅनोमीटर, एफईएल-२ ची २० ते ४. दुसऱ्यात दोन टप्पे आहेत: पहिल्याचा प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या गुच्छाच्या अजून न वापरलेल्या भागावर नेऊन सीड म्हणून वापरतात. इथे गुच्छ लांब आणि ऊर्जेने सपाट हवा, नाहीतर दुसरा टप्पा डळमळतो. ४ नॅनोमीटर म्हणजे ३१० इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्बनची के-एज आवाक्यात येते, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या नाहीत. त्या हव्या असतील तर दुसरीकडे जा. २०१८ मध्ये दोन सीड लेझरांच्या ईईएचजी (एको-एनेबल्ड हार्मोनिक जनरेशन) पद्धतीने ४५ वा हार्मोनिक, ५.९ नॅनोमीटर, मिळवला गेला. गुच्छातल्या ऊर्जेच्या वक्रतेला ती पद्धत कमी बिचकते, म्हणून तिच्याकडून मोठी आशा वाटते.

बिघडतं काय? सीड फार जोरात दिला की पट्टे घट्ट होऊन पुन्हा विस्कटतात, पल्स दोन तुकड्यांत फुटते आणि स्पेक्ट्रमला दोन शिखरं येतात. ऑनलाइन स्पेक्ट्रोमीटरवर अशी जोडशिखरं दिसली तर आधी सीडची ऊर्जा कमी करून बघायला सांगा. नुसता पायथा रुंद होत असेल तर मायक्रोबंचिंगवर (गुच्छात आपोआप उठणाऱ्या बारीक लहरींवर) संशय घ्या. त्या दाबण्यासाठी लेझर हीटरची (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत थोडा विस्कळीतपणा आणणाऱ्या लेझरची) मात्रा वाढवतात. शॉटगणिक स्पेक्ट्रम आणि तीव्रता नोंदवून ठेवा, नंतर गाळणी करताना तेच कामी येतात.

उरलेला सीड आणि नको असलेले हार्मोनिकही नमुन्यापर्यंत पोहोचू शकतात. २६१ नॅनोमीटर म्हणजे ४.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, अनेक रेणू तेवढ्यानेच उत्तेजित होतात. १७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगांसाठी अ‍ॅल्युमिनियमचं पातळ फिल्टर, त्याखाली झिर्कोनियमचं. फिल्टर न लावता घेतलेल्या पंप-प्रोब मोजणीवर (एका पल्सने उत्तेजित करून दुसरीने तपासण्याच्या) विश्वास ठेवू नका.

पंप-प्रोबमध्ये मात्र फर्मीची खरी ताकद दिसते. पंप त्याच सीड लेझरपासून काढलेला असल्याने वेळेचा थरथराट काही फेम्टोसेकंदांवर राहतो. २०१६ मध्ये निऑनवर ६३ आणि ३१.५ नॅनोमीटरचे दोन रंग कलेने (फेजने) जखडून, त्यांची सापेक्ष कला ३ अ‍ॅटोसेकंदांच्या बारकाईने फिरवून दाखवली गेली. शॉटगणिक नवा गोंगाट घेऊन निघणाऱ्या पल्सनी हे साधलं नसतं.

वेग मात्र सेकंदाला जास्तीत जास्त ५० पल्स. कोइन्सिडन्स मोजण्यांत (एकाच घटनेतले कण एकत्र पकडण्यात) प्रत्येक शॉटला एकाहून कमी घटना लागते, तिथे आकडेवारी जमायला शिफ्टच्या शिफ्ट जातात. तेवढ्यासाठी सेकंदाला कितीतरी जास्त पल्स देणारं हॅम्बुर्गचं युरोपियन एक्सएफईएल बरं. कला, अरुंद रेषा किंवा ध्रुवीकरण हवं असेल तर फर्मीच, आणि अर्जात हार्मोनिक क्रमांक स्वतः लिहून द्या.