आयटीव्हीची शनिवारची कुस्ती: बिग डॅडी सोडा, हलक्या वजनाच्या लढती बघा

ब्रिटनच्या आयटीव्ही या वाहिनीवर व्यावसायिक कुस्ती नोव्हेंबर 1955 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर 1988 मध्ये बंद पडली. तिचे सर्वांत चांगले दिवस 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या कार्यक्रमातले, म्हणजे 1965 ते 1985 चे. दर शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, फुटबॉलचे निकाल यायच्या आधी, कुठल्याशा टाऊन हॉलमधल्या लढती लागत. आज या लढती जुन्या चित्रफितींमधून बघता येतात. अमेरिकी कुस्तीच्या सवयीने बघायला बसलात तर पहिली दहा मिनिटं संथ वाटतील. तेवढी धीराने काढा, कारण गंमत नियमांत आहे आणि नियम कळायला तेवढा वेळ लागतोच.

हे नियम 1947 चे. अ‍ॅडमिरल लॉर्ड माउंटेव्हन्स यांच्या समितीने ते बांधले, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखले जातात. टीव्हीवरची लढत बहुधा 5 मिनिटांच्या 6 फेऱ्यांची असे. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी. खांदे टेकवून पंचांची तीनपर्यंत मोजणी झाली, किंवा पकडीत सापडलेल्याने हार मानली, की एक डाव गेला. डाव गेला की फेरी तिथेच थांबते आणि दोघे आपापल्या कोपऱ्यात जातात. मात्र पडलेला मल्ल दहा मोजेपर्यंत उठला नाही, तर डावांचा हिशेब काहीही असो, लढत तिथेच निकाली. त्यामुळे 1-0 ने मागे असलेला मल्लही शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत असतो.

सर्वांत मोलाचा नियम वेगळाच आहे. खाली पडलेल्यावर हल्ला करायचा नाही. तो उठेपर्यंत किंवा मोजणी संपेपर्यंत थांबायचं. हा नियम मोडला, बंद मुठीने मारलं किंवा केस ओढले, तर पंच जाहीर ताकीद देतात. दोन ताकिदींपर्यंत चालतं, तिसरीला बाद. लबाड मल्लाचा सगळा खेळ याच हिशेबावर उभा असतो. मिक मॅकमॅनस पंचांची पाठ वळण्याची वाट बघतो, पहिली ताकीद बेफिकिरीने घेतो, आणि दुसरी मिळाल्यावर एकदम सभ्य होतो. निकाल आधीच ठरलेला असला तरी ताकिदींचा हा जमाखर्च प्रेक्षकाला खराखुरा गुंतवून ठेवतो. खलनायकाला खुर्ची उचलावी लागत नाही; नियमाच्या कडेवर एक पाऊल टाकलं तरी सभागृह पेटतं.

वजनगटही मनापासून पाळले जात. लाइटवेट 11 स्टोनपर्यंत, म्हणजे 154 पौंड, आणि पुढचे गट 11-11 पौंडांच्या पायऱ्यांनी वर जातात. कार्यक्रमाचं सोनं या खालच्या गटांत आहे. जॉनी सेंट आणि जिम ब्रेक्स यांची लढत बघा. सेंट मनगटाची पकड तोडत नाही, त्या पकडीतूनच फिरतो: खांदा पुढे, गिरकी, पाय मधून, आणि आता मनगट समोरच्याचं. कधी रिंगच्या मध्यभागी अंगाचं मुटकुळं करून बसतो. पकडायला हात-पाय दिसत नाहीत म्हणून समोरचा वाकून शोधू लागतो, आणि तिथेच फसतो. ब्रेक्सचं सगळं लक्ष एका हातावर. पहिल्या फेरीपासून तो दंड, कोपर, खांदा पिळत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याच हाताला आपल्या नावाने गाजलेल्या पकडीत अडकवतो. म्हणूनच अशा लढतीत पहिली फेरी गाळू नका. तिथे डाव क्वचितच जातो, पण पुढे कुठला अवयव दुखणार हे तिथेच पेरलेलं असतं.

केंट वॉल्टन यांचं समालोचन हा कार्यक्रमाचा दुसरा कणा. 1955 पासून शेवटपर्यंत तेच. ते ओरडत नाहीत. पकड कुठे बसली, पंच का थांबले, किती सेकंद उरले, एवढं सांगतात आणि मग गप्प बसतात. प्रेक्षकांतल्या बायकांचा संताप त्या शांततेत स्वच्छ ऐकू येतो.

आता जे बिघडलं ते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळा प्रकाशझोत बिग डॅडीवर गेला. खरं नाव शर्ली क्रॅबट्री. लढती ठरवणारे प्रवर्तक मॅक्स क्रॅबट्री त्यांचे भाऊ. साचा ठरलेला: जोडीची लढत, चपळ तरुण साथीदाराने मार खायचा, मग डॅडीने येऊन पोटाने धडक मारायची, अंगावर पडायचं आणि संपलं. पोरंटोरं खूश होत, हे खरं. पण फेऱ्या, ताकिदी, पकडी या सगळ्यांचं मोल त्यात नाहीसं होतं. 1981 मध्ये वेम्बलीत जुना प्रतिस्पर्धी जायंट हेस्टॅक्सबरोबरची बहुचर्चित लढत तीन मिनिटंही टिकली नाही; हेस्टॅक्स दोरांबाहेर पडला आणि मोजणीत बाद झाला. एवढ्या वर्षांच्या वैराचा हा निकाल फार तोकडा आहे. 1985 मध्ये 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' बंद झाल्यावर कुस्तीची वेळही हलली आणि सवयीचा प्रेक्षक तुटला.

गंमत नियमांत आहे, हा धडा पुढच्या प्रयत्नांत अर्धवटच गिरवला गेला. आयटीव्हीने 2018 मध्ये जुनं नाव वापरून 10 भागांची मालिका काढली, पण फेऱ्या वगळल्या. उरली ती कुठेही दिसेल अशी कुस्ती. डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'एनएक्सटी यूके' या कार्यक्रमाने (2018 ते 2022) 2020 मध्ये हेरिटेज कप ही स्पर्धा आणली: 3 मिनिटांच्या 6 फेऱ्या, मध्ये 20 सेकंद, तीनपैकी दोन डाव. कल्पना उत्तम, आणि पहिला विजेता ए-किड या पद्धतीत शोभून दिसला. फक्त 3 मिनिटं कमी पडतात. एक पकड बसवून, तोडून, परत बसवेपर्यंत घंटा होते, आणि मग मल्ल घाईने उड्यांकडे वळतात.

चित्रफीत निवडताना लांबी आधी बघा. बऱ्याच फितींत मधल्या फेऱ्या कापलेल्या असतात. दुसऱ्या फेरीनंतर थेट शेवटचा डाव आला तर ती सोडून द्या. सुरुवात सेंट-ब्रेक्सपासून करा, मग सेंट आणि स्टीव्ह ग्रे. वेग हवा असेल तर मार्टी जोन्स आणि मार्क 'रोलरबॉल' रोको: त्यांची आदळआपट आजही दमवते, आणि तीसुद्धा याच फेऱ्यांच्या चौकटीत बसवलेली आहे.